दंडाकडून मनगटाकडे

२००६च्या डिसेंबरात निन्टेंडो या जपानी कंपनीने ३२ लाख नाड्या बदलून द्यायचं जाहीर केलं. या नाड्या म्हणजे 'वी' या तिच्या नव्या गेम कन्सोलच्या रिमोटला बांधलेल्या, मनगटात अडकवायच्या बारीक दोऱ्या. अमेरिकेत कन्सोल विकायला येऊन महिनाही झाला नव्हता. लोक टीव्हीसमोर उभे राहून इतक्या जोरात टेनिस आणि बोलिंग खेळत होते, की घामेजल्या हातातून रिमोट निसटायचा, नाडी तुटायची आणि रिमोट कधी दिव्यावर, कधी थेट टीव्हीच्या पडद्यावर जाऊन आदळायचा. कंपनीने आधी जाड नाडी दिली, मग पुढच्या वर्षी रिमोटवर चढवायला सिलिकॉनचं मऊ जाकीट दिलं. त्याच वर्षी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या भारदस्त नियतकालिकात स्पेनहून आलेलं एक छोटं पत्र छापलं गेलं. एक धडधाकट तरुण डॉक्टर रविवारी सकाळी उजवा खांदा धरूनच उठला. कुठे पडला नव्हता, काही उचललं नव्हतं. आदल्या दिवशी तासन्‌तास वीवर टेनिस मात्र खेळला होता. पत्रात या दुखण्याचं 'वीआयटिस' असं बारसंही केलं होतं. उपचार काय, तर आयबुप्रोफेन आणि आठवडाभर टेनिस बंद.

कन्सोलच्या इतिहासात लोकांचं अंग एवढं कधी हललं नव्हतं, आणि त्यानंतरही फारसं हललं नाही. वीच्या सुमारे १० कोटी १६ लाख प्रती विकल्या गेल्या. टेनिस, बोलिंग, बॉक्सिंग, गोल्फ आणि बेसबॉल असलेला 'वी स्पोर्ट्स' हा गेम बहुतेक देशांत कन्सोलबरोबरच मिळायचा, त्यामुळे तोही सव्वाआठ कोटींहून जास्त घरांत पोचला. हे आकडे पाहून सोनी आणि मायक्रोसॉफ्ट दोघीही हालचालींच्या मागे धावल्या. पाच-सात वर्षांत लाट ओसरली आणि 'मोशन कंट्रोल मेलं' असं म्हणायची पद्धत पडली. माझ्या मते ते मेलं नाही, आकसलं. दंडातून मनगटात आलं, मनगटातून आता बोटांकडे निघालं आहे. आकसलं म्हणूनच टिकलं, आणि पुढचा रस्ताही त्याच दिशेने जातो. हे का झालं ते समजायला त्या रिमोटच्या पोटात काय होतं ते पाहायला हवं.

निन्टेंडोचे तेव्हाचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी सप्टेंबर २००५मध्ये टोकियो गेम शोमध्ये हा कंट्रोलर पहिल्यांदा दाखवला, तेव्हा सगळ्यांना प्रश्न पडला की एका हातात धरायच्या या काडीने खेळायचं कसं. मुद्दाम टीव्हीच्या रिमोटसारखा आकार ठेवला होता. दोन्ही हातांत धरायच्या, बटणांनी भरलेल्या कंट्रोलरची ज्यांना धास्ती वाटते, ते आजी-आजोबाही रिमोट मात्र बिनधास्त उचलतात.

आत दोन युक्त्या होत्या. पहिली इन्फ्रारेड प्रकाशाची. टीव्हीजवळ ठेवायच्या पट्टीला 'सेन्सर बार' म्हणत, पण तिच्यात एकही सेन्सर नव्हता! दोन टोकांना इन्फ्रारेड दिवे होते, एवढंच. कॅमेरा होता रिमोटच्या नाकात. त्याला ते दोन ठिपके कुठे दिसतात यावरून रिमोट पडद्यावर कुठे रोखला आहे ते कळायचं. पट्टी बिघडली तर लोक टीव्हीपुढे दोन मेणबत्त्या लावून काम भागवत, आणि ते खरोखर चालायचं.

दुसरी युक्ती म्हणजे ॲक्सेलरोमीटर, त्वरण मोजणारी चिप. हिची भावंडं मोटारीच्या एअरबॅगमध्ये आधीपासून कामाला होती. सिलिकॉनचा अतिसूक्ष्म तुकडा सिलिकॉनच्याच लवचिक पट्ट्यांवर टांगलेला असतो. चिप हलली की तो किंचित मागे राहतो, आणि ते मागे राहणं विद्युत क्षमतेतल्या बदलावरून मोजता येतं. अडचण अशी, की गुरुत्वाकर्षणही त्या तुकड्याला सतत ओढत असतं. डोळे मिटून एसटीत उभे राहा: तोल पुढे गेला तर ड्रायव्हरने ब्रेक मारला की गाडी घाटाच्या उताराला लागली, हे नुसत्या अंगाला सांगता येत नाही. चिपचंही तसंच. रिमोट स्थिर असेल तर तो किती तिरपा आहे ते तिला छान कळतं. जोरात फिरवला की तिरपेपणा आणि झटका यांचा गुंता होतो.

म्हणून वीच्या टेनिसला तुमची रॅकेट नक्की कुठे आहे हे धडपणे कधीच माहीत नव्हतं. झटका बसला, आणि तो केव्हा बसला, हे त्याला कळायचं; त्या वेळेवरून चेंडू डावीकडे की उजवीकडे ते ठरायचं. मैदानावर धावायचं काम पात्र आपणहून करायचं. बाकीचं चित्र खेळणाऱ्याचं मन रंगवायचं. या गेमची खरी कमाल मला इथे दिसते: जेमतेम माहितीवर उभा असलेला, आणि तरी अस्सल वाटणारा फोरहँड.

आठवडाभरात घरातल्या चलाख मुलाला एक गोष्ट उमगायची. दंड फिरवायची गरजच नाही. सोफ्यावर रेलून मनगटाला हलकासा झटका दिला तरी तोच फटका बसतो, उलट जास्त बिनचूक बसतो. मग उभं राहून घाम गाळणारे बाबा हरायचे आणि लोळत खेळणारा मुलगा जिंकायचा. समीक्षकांनी याला फसवणूक म्हटलं. मला वाटतं, हे त्या पोरांनी लावलेले शोध होते. शरीर नेहमीच कमीत कमी कष्टाचा मार्ग शोधतं, आणि गेमला जर झटकाच हवा असेल तर तेवढाच द्यायचा.

खेळणाऱ्याच्या बाजूने झालेली एक कसरत सांगायलाच हवी. 'लेजंड ऑफ झेल्डा: ट्वायलाइट प्रिन्सेस' हा गेम गेमक्यूब या आधीच्या कन्सोलसाठी बनत होता. त्याचा नायक लिंक डावखुरा. वीसाठी आवृत्ती करताना लक्षात आलं की बहुतेक माणसं उजव्या हाताने रिमोट फिरवणार आणि पडद्यावर तलवार डाव्या हातात दिसणार. उपाय म्हणून निन्टेंडोने अख्खा गेमच आरशात पाहावा तसा उलटा केला. नायक उजखोरा झाला, आणि नकाशात पश्चिमेला असलेलं वाळवंट पूर्वेला गेलं. एका हाताच्या सोयीसाठी भूगोल फिरवल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

अचूकता हवी ही तक्रार वाढत गेली, तेव्हा निन्टेंडोने २००९मध्ये 'मोशनप्लस' नावाचा छोटा जोड आणला. त्यात जायरोस्कोप होता. त्यातला सूक्ष्म तुकडा सतत थरथरत ठेवलेला असतो, आणि उपकरण वळलं की त्या थरथरीची दिशा किंचित ढळते. त्यावरून किती वेगाने वळलं ते कळतं. वेगांची बेरीज करत गेलं की किती वळलं तेही कळतं. बेरजेत बारीक चुका मात्र साचत जातात. म्हणून टेबलावर स्पर्श न करता ठेवलेला जायरोही आपण हळूहळू वळत आहोत अशी समजूत करून घेतो. यालाच 'ड्रिफ्ट' म्हणतात. ॲक्सेलरोमीटरवरून हाताची जागा काढायची तर बेरीज दोनदा करावी लागते आणि चूक वेळेच्या वर्गाच्या पटीत फुगते. काही सेकंदांत हिशेब घराबाहेर जातो.

मोशनप्लसमुळे तलवार मनगटाबरोबर वळू लागली. २०११च्या 'स्कायवर्ड सोर्ड' या गेममध्ये आठ दिशांनी वार करता येत. शत्रू डावीकडे ढाल धरून उभा असेल तर उजवीकडून मारायचं. कागदावर हे स्वप्नच होतं. खेळताना वेगळाच अडथळा समोर आला, जो कुठल्याही चिपने सुटत नाही. पडद्यावरची तलवार ढालीवर आदळून थांबते. तुमचा हात थांबत नाही, तो हवेतून पुढे निघून जातो. त्या क्षणी पडद्यावरचा हात आणि तुमचा हात वेगळे होतात, आणि आपण तलवार चालवतो आहोत ही समजूत तुटते. बटण दाबताना निदान बटण बोटाला उलट दाबतं. हवा काहीच करत नाही. २०२१मध्ये हाच गेम निन्टेंडोच्याच स्विच कन्सोलवर पुन्हा आला तेव्हा हालचाल न करता नुसत्या काडीने, म्हणजे कंट्रोलरवरच्या स्टिकने, खेळायची सोय त्यात दिली होती. दहा वर्षांनी मिळालेली ही कबुलीच.

दुसरा अडथळा वेळेचा. इथे क्रिकेटचं गणित उपयोगी पडेल. सोनीने २०१०मध्ये 'मूव्ह' हा कंट्रोलर आणला. त्याच्या टोकाला पिंगपाँगच्या चेंडूएवढा चमकता गोळा होता. कॅमेऱ्याला तो किती मोठा दिसतो यावरून हात किती दूर आहे ते काढता येई. त्यासाठी मुंबईच्या ट्राइन गेम्सने 'मूव्ह स्ट्रीट क्रिकेट' बनवला होता. गल्ली क्रिकेटला याहून चांगला कंट्रोलर तोवर मिळाला नव्हता. आता विचार करा: ताशी १४० किलोमीटरचा चेंडू सेकंदाला सुमारे ३९ मीटर जातो. कॅमेरा, कन्सोल आणि टीव्ही यांनी मिळून सेकंदाचा दहावा भाग खाल्ला, तर तेवढ्यात चेंडू जवळपास ४ मीटर पुढे आलेला असतो. खरा फलंदाज एवढ्या अंतरात बाद होतो. म्हणून अशा गेमना एकतर चेंडू हळू टाकावा लागतो, नाहीतर खेळाडूची उशिराची बॅट उदारपणे वेळेवर धरावी लागते.

मायक्रोसॉफ्टने हातातलं यंत्रच काढून टाकायचं ठरवलं. २००९मध्ये 'प्रोजेक्ट नाताल' या नावाने जाहीर झालेला प्रकल्प नोव्हेंबर २०१०मध्ये 'किनेक्ट' म्हणून बाजारात आला. नाताल हे ब्राझीलमधलं शहर. प्रकल्पाचे प्रमुख ॲलेक्स किपमन ब्राझीलचे. किनेक्ट खोलीभर अदृश्य इन्फ्रारेड ठिपक्यांची नक्षी टाकायचं आणि ती कुठे कशी विस्कटते त्यावरून प्रत्येक वस्तू किती दूर आहे ते काढायचं. हे तंत्र इस्रायलच्या प्राइमसेन्स कंपनीचं होतं. त्या खोलीच्या चित्रात माणूस शोधून त्याचे २० सांधे ओळखायचं काम केंब्रिजमधल्या मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी लिहिलेला प्रोग्रॅम करायचा. पहिल्या ६० दिवसांत ८० लाख नग खपले आणि गिनीज बुकात नोंद झाली.

किनेक्टपुढे उभं राहायला साधारण सहा फूट मोकळी जागा लागायची, दोघांना त्याहून जास्त. वन-रूम-किचनमध्ये सहा फूट मोकळे काढायचे तर आधी दिवाण भिंतीला उभा करावा लागेल. पण जागा हे निमित्तच. मूळ अडचण अशी, की हातात काही नसेल तर चालायचं कसं, वळायचं कसं, बंदूक केव्हा झाडायची, हे गेमला सांगायची भाषाच उरत नाही. नाचाचे आणि व्यायामाचे गेम तेवढे जमले. २०१३मध्ये मायक्रोसॉफ्टने सुधारलेलं किनेक्ट एक्सबॉक्स वन या कन्सोलच्या डब्यात सक्तीने घातलं. किंमत ४९९ डॉलर, तर सोनीचा प्लेस्टेशन ४ ३९९ला. त्यात सतत ऐकणारा कॅमेरा दिवाणखान्यात बसवायची ही योजना मे महिन्यात जाहीर झाली आणि जूनमध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी अमेरिकी सरकारच्या पाळतीचे कागद उघड केले. याहून वाईट मुहूर्त शोधून सापडला नसता. वर्षभरात किनेक्टशिवायचा एक्सबॉक्स विकायला आला आणि २०१७मध्ये किनेक्टचं उत्पादन थांबलं.

गेमिंगबाहेर मात्र त्याने संसार थाटला. बाजारात आल्यावर काही दिवसांतच एका हौशी प्रोग्रॅमरने ते साध्या संगणकाला जोडून दाखवलं. मग रोबोटवाले, कलावंत, डॉक्टर सगळे त्यावर तुटून पडले. टोरंटोच्या सनीब्रुक रुग्णालयात शल्यचिकित्सक ऑपरेशन चालू असताना, हात निर्जंतुक ठेवून, नुसत्या हवेतल्या खुणांनी स्कॅनची चित्रं उलटत. प्राइमसेन्सला ॲपलने २०१३मध्ये विकत घेतलं. २०१७च्या आयफोनपासून तुमचा चेहरा ओळखायला जे अदृश्य ठिपके तोंडावर पडतात, ते त्याच घराण्यातले.

कन्सोलवर हालचाल टिकली ती अगदी अनपेक्षित जागी. २०१५मध्ये निन्टेंडोने 'स्प्लाटून' आणला. त्यात पोरं रंगाच्या पिचकाऱ्यांनी एकमेकांचा मुलूख रंगवतात. नेम धरायला डाव्या-उजव्या स्टिक होत्याच, पण कंट्रोलर दोन्ही हातांत धरून किंचित वळवला की नेमही तेवढाच सरकायचा. स्टिकचा दोष असा, की ती जागा सांगत नाही, वेग सांगते: डावीकडे ढकलली की नेम डावीकडे धावत सुटतो, आणि बरोबर जागी आल्यावर अंगठा सोडायचा. माउस जागा सांगतो, म्हणून संगणकावर नेमबाजी सोपी. जायरोने कन्सोलला जवळजवळ माउस मिळाला. मोठं वळण अंगठ्याने घ्यायचं, शेवटची दोन बोटं मनगटाने.

आणि ड्रिफ्टचं काय? तो त्रास इथे नाहीसाच होतो. तलवारीच्या गेममध्ये यंत्राला हाताची खरी दिशा माहीत असावी लागते. नेम धरताना माणूस पडद्याकडे पाहत असतो. नेम थोडा सरकला तर मनगट नकळत तो परत आणतं. चूक दुरुस्त करायचं काम डोळा आणि हात मिळून करतात, जे काम ते जन्मापासून करत आले आहेत. हालचाल लहान असल्याने दमणूक नाही, सोफ्यावर बसूनही चालते, आणि दोन्ही हातांत घट्ट धरलेल्या वस्तूला स्वतःचं वजन असतं, म्हणून हवेत हात मारल्यासारखं वाटत नाही. सोफ्यावरच्या त्या आळशी मुलाची युक्तीच आता अधिकृत झाली. २०१७च्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मध्ये धनुष्याचा नेम असा धरता येतो. व्हॉल्व कंपनीच्या स्टीम डेक या हातात धरायच्या यंत्रामध्ये अंगठा स्टिकला नुसता टेकला की जायरो चालू करता येतो, उचलला की बंद. २०२२मध्ये 'फोर्टनाइट'ने 'फ्लिक स्टिक' घेतली: स्टिक ज्या दिशेला झटकाल तिकडे पात्र एका क्षणात वळतं, बाकीचा नेम जायरोचा.

अंगाची मोठी हालचाल उरली ती जिथे हालचाल हेच साध्य आहे तिथे. २०१९च्या 'रिंग फिट ॲडव्हेंचर'मध्ये लवचिक कडं दोन्ही हातांनी दाबायचं, ताणायचं. ते उलट जोर लावतं, म्हणजे ढालीला न थांबणाऱ्या हाताचा प्रश्न इथे प्लास्टिकनेच सोडवला. २०२०च्या टाळेबंदीत तो दुकानांतून गायब झाला होता. आजवर दीड कोटीहून जास्त खपला आहे. इथे मनगटाची चलाखी करून फायदा नाही, फसवणूक स्वतःच्याच पोटऱ्यांची. डोक्यावर चढवायच्या व्हीआर संचांतही हेच सूत्र चालतं. 'बीट सेबर' एवढा लोकप्रिय होण्यामागे एक साधं कारण आहे: त्यातले ठोकळे प्रकाशाच्या तलवारीने आरपार कापले जातात. कापल्या जाणाऱ्या वस्तूने हाताला अडवायचं नसतंच, म्हणून काही खोटं वाटत नाही. अडथळा देता येत नसेल तर अडथळाच नसलेला खेळ शोधा, हा मला या सगळ्या क्षेत्रातला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो.

कॅमेऱ्याचा मार्गही पुरता बंद झालेला नाही. अमेरिकेत २०२३मध्ये आलेल्या 'नेक्स प्लेग्राउंड' या छोट्या चौकोनी कन्सोलमध्ये खोली मोजणारी नक्षी वगैरे काही नाही. साधा कॅमेरा आणि माणसाचे सांधे ओळखणारा प्रोग्रॅम, तोही यंत्रातच चालणारा. लहान मुलांना उड्या मारायच्याच असतात, सेकंदाच्या दहाव्या भागाचं त्यांना काय!

जून २०२५मध्ये आलेल्या स्विच २ने आणखी एक पाऊल टाकलं. त्याचे दोन्ही छोटे कंट्रोलर आडवे टेकवले की माउससारखे चालतात, टेबलावर किंवा स्वतःच्या मांडीवरही. 'ड्रॅग एक्स ड्राइव्ह' या गेममध्ये व्हीलचेअर बास्केटबॉल असं खेळतात: दोन हातांत दोन माउस, त्यांना पुढे ढकललं की दोन चाकं फिरतात. वीपासून हरवलेली एक गोष्ट इथे परत मिळते: हाताला टेकायला पृष्ठभाग. त्याच्याही पलीकडे, कन्सोलच्या जगाबाहेर, मेटाने २०२५मध्ये चष्म्याबरोबर मनगटी पट्टा आणला. तो स्नायूंचे विद्युत संदेश वाचतो. अंगठा बोटावर घासण्याएवढी खूण त्याला पुरते. कन्सोल बनवणारे याकडे पाहत नसतील असं मला वाटत नाही.

हालचाल लहान झाली तरी ती सगळ्यांना जमेलच असं नाही. मनगट वळत नाही, हात कापतो, असे खेळाडू आहेत. मायक्रोसॉफ्टने २०१८मध्ये आणि सोनीने २०२३मध्ये अशांसाठी खास कंट्रोलर काढले. उलट बाजूने, अमेरिकेतल्या वृद्धाश्रमांत वीच्या बोलिंगच्या स्पर्धा भरत, कारण खरा जड चेंडू उचलणं ज्यांना शक्य नव्हतं त्यांना रिमोट झुलवणं जमत होतं. त्यामुळे हालचाल ऐच्छिक ठेवणं हाच व्यवहार्य मार्ग, आणि 'स्कायवर्ड सोर्ड'ची नवी आवृत्ती तोच धरते.

भविष्याबद्दल बोलताना लोक व्हीआर आणि कृत्रिम बुद्धिमत्तेकडे बोट दाखवतात. मला अडलेला दगड जास्त साधा दिसतो. प्लेस्टेशनच्या कंट्रोलरमध्ये २००६पासून हालचालीचे सेन्सर आहेत, निन्टेंडोकडे आहेत, स्टीम डेकमध्ये आहेत. २०२०च्या एक्सबॉक्सच्या कंट्रोलरमध्ये जायरो नाही. तिन्ही कन्सोलांसाठी एकच गेम बनवणारी कंपनी मग जायरोवर उभा राहणारा गेम बनवत नाही. फार तर सेटिंगमध्ये एक पर्याय ठेवते. २०२३मध्ये अमेरिकेतल्या खटल्यात उघड झालेल्या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या आराखड्यांत नव्या कंट्रोलरमध्ये ॲक्सेलरोमीटर घालायचा विचार दिसला होता, पण तो उचलताच कंट्रोलर जागा व्हावा एवढ्यापुरता. चिपचा खर्च फारसा नाही, आणि तिघांकडे जायरो आला तर त्याच्याभोवती गेम रचायला कोणी घाबरणार नाही. तोवर घरी प्लेस्टेशन किंवा स्विच असेल तर 'फोर्टनाइट'च्या सेटिंगमध्ये शोधा: जायरो बहुधा बंदच असतो. चालू केल्यावर पहिल्या संध्याकाळी नेम आधीपेक्षा वाईट बसतो. मनगटाला थोडे दिवस द्यावे लागतात.